तोंडावरचा पदर

संक्रांतीला चार दिवस उरले होते. सूर्य कासराभर वर आला तरी पऱ्हाटीवरचं दहिवर सुकलं नव्हतं, आणि ओल्या बोंडाला हात घातला की बोटं बधिर होत होती. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या होत्या. त्यांतून पाय जपत पाच-सहा बाया आपापली पात धरून कापूस वेचत होत्या. सगळ्यांच्या पुढं, नेहमीसारखी, मनकर्णाबाई होती. पोटाला बांधलेली ओटी कापसानं तट्ट फुगलेली, आणि डोक्यावरचा पदर तोंडावरून घेऊन दुसऱ्या खांद्याशी घट्ट खोवलेला. नुसते डोळे दिसत होते.

"मनकर्णे, अगं पदर तेवढा सोड की! रानात कोन सासरा बसलाय तुपला?" साळूबाई मागच्या पातीतून ओरडली.

"थंडी वाजती," पदराआडून उत्तर आलं.

"थंडी वाजती म्हनं! चैतात बी वाजत व्हती व्हय? लेक मास्तरीन झाल्यापून हिचं तोंडच दिसंना. आमच्याशी बोलायला पदरातून चिठ्ठी यायची आता."

बाया हसल्या. मनकर्णाबाईचे डोळेही हसले. हात थांबले नाहीत.

बांधावरच्या बाभळीखाली तिची लेक कौशल्या बसली होती. औरंगाबादला उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत ती शिकवत होती. शनिवारी दुपारी काळ्या-पिवळ्या जीपनं गंगापूरहून गावी आली होती आणि रविवारी दिवस मावळायच्या आत परत जायची होती. आईचे, भावाचे, सगळ्यांचे हात कामात असताना आपण बांधावर बसलोय याची तिला लाज वाटत होती. पण तिच्यापुढंही काम होतं. सोमवारपासून शाळेत आरोग्य सप्ताह होता आणि तिच्या वाट्याला विषय आला होता दातांचा. जाड पांढरा कागद तिनं पाटावर पसरला होता, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली होती. वाचनालयातून आणलेली पुस्तिका मांडीवर उघडी होती. वर ठळक अक्षरात तिनं लिहिलं होतं : हिरड्यांचे आजार कसे ओळखाल?

तिचं अक्षर सुरेख होतं. डाव्या बाजूला निरोगी हिरडी, गुलाबी, दाताला चिकटून बसलेली. उजव्या बाजूला आजारी हिरडी. लाल पेन गिरवून गिरवून तिनं ती सुजवली होती. मुलांना चट्कन कळावं म्हणून दातांच्या मुळाशी रक्ताचे थेंबही काढले होते.

दुपारी बाया सावलीला आल्या. ताहेरानं शेजारच्या शाळूच्या पट्टीतून कणसं आणली, गोवऱ्यांच्या आगटीत भाजली. ताहेरा म्हणजे गावातल्या पिंजाऱ्याची बायको. तिचं आणि मनकर्णाबाईचं लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गावात आल्या होत्या, आणि घरं पाठीला पाठ लावून होती. मनकर्णाबाई गरम कणसं तळहातावर चोळायची, फुंकून हुरडा ज्याच्या त्याच्या ओंजळीत टाकायची. आपण एक दाणा तोंडात घालत नव्हती.

"माय, तू घे की," कौशल्या म्हणाली.

"उपास हाय मला."

"आज कसला गं उपास?"

"हिचा बाराही महिने उपास," साळूबाई तोंडातला हुरडा सांभाळत म्हणाली. "भाकरबी खात नाय आमच्यासंग. घरी जाऊन खाती. काय तूप-पोळी खाती का काय, देवाला ठावं!"

ताहेरा काहीतरी बोलायला गेली. मनकर्णाबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ताहेरानं मान खाली घालून आगटीतली राख उकरली.

बाया पुन्हा पातीला लागल्या, तशी मनकर्णाबाई लेकीजवळ येऊन बसली. जवळ म्हणजे चांगली दोन हात लांब. बसण्याआधी तिनं एकदा पऱ्हाटीचे शेंडे कुठं झुकतात ते पाहिलं आणि मग वाऱ्याच्या खालच्या अंगाला बूड टेकलं. कौशल्याला ते दिसलं. त्याचा अर्थ लावायची तिला गरज वाटली नाही.

"हे लाल काय काढलंस, कौसा?"

"हिरडी आहे. आजारी."

मनकर्णाबाई बराच वेळ चित्राकडं पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेली बाई. तिच्या लहानपणी माहेरच्या गावात पोरींची शाळाच नव्हती.

"अन् खाली काय लिव्हलंस?"

कौशल्यानं वाचून दाखवलं. वर्गात वाचावं तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून. दात घासताना रक्त येतं. हिरडी लाल होते, सुजते, दाबली की दुखते. तोंडाला वास येतो. हिरडी खाली सरकते आणि दात लांब दिसायला लागतात. पुढं पू होतो, दात हलतात, आणि शेवटी चांगले न किडलेले दात गळून पडतात.

"न किडलेले बी?"

"हो. मुळाशी आधारच राहत नाही ना."

"मिसरी लावली म्हंजी हिरडी घट्ट व्हती म्हनत्यात."

"उलट आहे, माय. तंबाखूच ती. बधिर होतं म्हणून बरं वाटतं. आतून हिरडी आणखी खराब होते."

मनकर्णाबाई बोटांना चिकटलेला कापसाचा तंतू काढत राहिली. मग अगदी हळू तिनं विचारलं, "बरं व्हतं का पर हे?"

"होतं की. वेळेवर दाखवलं तर."

"दाखवायचं म्हंजी तोंड उघडावं लागत आसंल."

कौशल्याला हसू आलं. "मग काय बंद तोंडानं दाखवणार?"

"नाय, तसं नाय... लई जवळ येऊन बघत आसंल ना डाक्टर."

"बघतोच. त्याचं कामच आहे ते." कौशल्यानं पेनाचं टोपण लावलं. "माय, जरा तिकडं सरक. कागदावर सावली पडतीय तुझी."

मनकर्णाबाई सरकली. मग उठली आणि ओटी सारखी करून पातीला गेली.

संध्याकाळी जीपपाशी तिनं तिळाच्या लाडवांची पुरचुंडी लेकीच्या हातात दिली. आणि तक्ता चुरगळू नये, त्याच्यावर धुरळा बसू नये म्हणून आपलं धुतलेलं जुनं लुगडं फाडून त्यात तो स्वतः गुंडाळून दिला. दोन्ही टोकांना गाठी मारल्या. "घडी पडू दिऊ नको," एवढंच म्हणाली. जीप सुटली. धुरळ्यात ती उभी होती आणि तोंडावर पदर होता. पण धुरळ्यात सगळ्याच बाया तोंडावर पदर घेतात.

तो शेवटचा साधा दिवस. कौशल्यानं नंतर तो पुष्कळदा उलगडून पाहिला. दर वेळी त्यात एकच गोष्ट नव्यानं दिसायची : आई विचारत होती, आणि आपण शिकवत होतो.

सोमवारी तक्ता भिंतीवर लागला. मोठ्या बाईंनी कौतुक केलं. बुधवारी सकाळी पहिल्याच तासाला शिपाई निरोप घेऊन आला, भावाचा फोन आहे.

"कौसा, मायचा गळा सुजलाय," सांडू म्हणाला. "सोमवारी जबडा सुजला. म्हनली, वारं लागलं. विटकरीनं शेकलं, मिसरी लावली. आता थुंकी गिळता येईना. गंगापूरच्या डाक्टरनं हात लावला नाय. तिकडंच आनतोय."

मोठ्या दवाखान्याच्या ओसरीत कौशल्या जीपची वाट पाहत उभी राहिली. आईला उतरवलं तेव्हा ती आधी ओळखूच आली नाही. मान आणि हनुवटी यांच्यातला खळगाच बुजून गेला होता. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आणि एवढं होऊनही एका हातानं तिनं पदर तोंडावर धरून ठेवला होता.

परिचारिकेनं तो बाजूला केला. मनकर्णाबाईनं परत ओढला. परिचारिकेनं हात धरला आणि पदर पुन्हा बाजूला केला.

तरुण डॉक्टर होता. त्यानं नाकाला फडकं बांधलं, बत्ती घेतली, वाकून तोंडात पाहिलं, आणि क्षणभर तसाच राहिला. मग रक्त तपासायला पाठवलं. साखर कितीतरी पट वाढलेली निघाली. ती वाढलीय हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

"हे दोन दिवसांतलं नाही," तो म्हणाला. "हिरड्यांतला पू खाली मानेत उतरलाय. हिरड्यांतून रक्त कधीपासून येत होतं?"

त्यानं पुन्हा वाकून बत्ती धरली.

"दात हलत होते? किती पडले आधी? तोंडाला वास यायचा का?"

तो तिचाच तक्ता होता. त्याच क्रमानं. कौशल्याला पुढचा प्रश्न काय येणार तेही ठाऊक होतं.

सांडू तिच्याकडं वळला. "कौसा, तू सांग. तू शिकल्याली हायेस, तुला कळतं. मी रानातला मानूस, मला काय..."

आई खाटेवरून तिच्याकडंच पाहत होती. पदर नसलेलं ते तोंड कौशल्या तीन वर्षांनी पाहत होती.

"नाही," कौशल्या म्हणाली. "मला काही माहीत नाही."

मनकर्णाबाईनं डोळे मिटले. त्यांत राग नव्हता. काहीतरी सुटल्यासारखं होतं. चार माणसांत लेकीनं आपली लाज राखली, असंच तिला वाटलं असणार.

गुरुवारी दुपारी ती गेली.

तीन वर्षांपूर्वी, असाच संक्रांतीचा महिना होता. कौशल्याच्या नव्या घरी हळदीकुंकू होतं. शाळेतल्या बाया आल्या होत्या, मोठ्या बाई आल्या होत्या. मनकर्णाबाई गावाहून सुगडं, बोरं, हरभऱ्याचे घाटे घेऊन आली होती. नवं लुगडं नेसून ती मोठ्या बाईंच्या शेजारीच बसली आणि जीव ओतून बोलायला लागली. कौसा लहानपणी दिव्याच्या उजेडात कशी वाचायची, सरकीच्या पोत्यावर बसून कशी कविता म्हणायची. बोलताना ती समोरच्याच्या हाताला हात लावायची, पुढं वाकायची. तशी तिची सवयच होती.

मोठ्या बाईंनी आधी मान वळवली. मग रुमाल नाकाला लावला. मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. कोपऱ्यातल्या दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या.

कौशल्यानं आईला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटलं.

"आई," ती म्हणाली. एरवी ती तिला मायच म्हणायची. "आई, बोलताना तोंडाला पदर लावत जा. वास येतो. सगळ्यांना येतोय."

मनकर्णाबाई उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मोरीपाशी जाऊन तिनं चूळ भरली. आणखी एक भरली. बाहेरच्या बाया जाईपर्यंत ती मोरीपाशीच होती, चुळा भरत. गुलाबी पाणी नळाखाली फिरत जाळीतून जात होतं. कौशल्यानं ते पाहिलं होतं. वाणाच्या वाट्या न्यायला ती दोनदा आत आली होती आणि दोन्ही वेळा तिनं पाहिलं होतं.

तेराव्याला घर भरलं. पुरुष ओसरीवर, बाया मधल्या घरात. जेवणं उरकली होती. बाया आता अंगणात येऊन उन्हात पाय सोडून बसल्या होत्या. मनकर्णाबाईविषयी बोलणं चाललं होतं.

"कापूस वेचायला तिच्यावानी हात नाय कुनाचा," दगडाबाई म्हणाली. ती सांडूची सासू. "बोंडात एक तंतू ठिवायची नाय."

"अन् मर्यादा!" साळूबाई बोलली. तिनं सगळ्यांत जास्त रडून घेतलं होतं; आवाज बसला होता. "मी लई चेष्टा केली तिची. पर खरं सांगते, अशी मर्यादेची बाई व्हनार नाय. लेक शिकली, शहरात गेली, तरी हिनं पदर सोडला नाय. उलट जास्तच धरला. तीन वर्षं कुनी तोंड बघितलं नाय तिचं."

"आजकालच्या पोरींनी शिकावं," दगडाबाई म्हणाली.

बाया हं हं म्हणाल्या. कौशल्या भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. दवाखान्यापासून ते कोरडेच होते, आणि लोक म्हणत होते, शिकलेली आहे, धीराची आहे.

ताहेरा उठली. कौशल्यापाशी येऊन उकिडवी बसली आणि कमरेची छोटी पुरचुंडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. कापसाच्या पेळूत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तेरी माँ की अमानत है, बेटा. मपल्याकडं ठिवली व्हती. म्हनली व्हती, मी गेले का संग चितंवर टाक, शरीर पुरं जळाया पाह्यजे. पर मला कोन सरनापाशी येऊ देतंय? बाईमानूस, अन् त्यात आमी."

कौशल्यानं पेळू उलगडला. चार दात होते. पांढरे, धड, मुळासकट. एकही किडलेला नव्हता.

"हे काय गं, ताहेरा?" साळूबाई सरकून जवळ आली.

"दात हायेत तिचे. तीन वर्षांत चार पडले. भाकर कशानं खानार? पान्यात कालवून, कुस्करून गिळायची. घरी जाऊन, तुमच्यापून लपून." ताहेरानं पदरानं नाक पुसलं. "मी म्हनले, चल दवाखान्यात. म्हनली, नगं. दातांचा डाक्टर कौसाच्या गल्लीतच बसतो, तिथं मी तोंड उघडून बसू? लोक म्हनतील, ह्या मास्तरनीची आई... मी आल्लाची कसम घेतली, कुनाला सांगनार नाय म्हनून. आता ती नाय. आता कसम कुनाची?"

सांडू ओसरीवरून उठून उंबऱ्याशी आला.

"अगं पन का?" साळूबाई म्हणाली. "आमच्यापून काहून लपवायचं? आमी काय परके हावोत? कुनी काय म्हनलं व्हतं का तिला?"

ताहेरानं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. ते तिच्या झुकलेल्या मानेवरून कौशल्याला कळलं. आई कुणाशी तरी बोलली होती, आणि ताहेरा ते आजही सांगणार नव्हती.

कौशल्यानं चारी दात मुठीत घेतले. ते हलके होते. इतके हलके की मूठ उघडून पुन्हा पाहावंसं वाटलं.

"मी म्हणाले होते," ती म्हणाली.

"काय?"

"ती मर्यादा नव्हती, साळूमावशी. मी तिला म्हणाले होते, तोंड झाक, वास येतो. माझ्या घरी, चार बायांत मला लाज वाटली म्हणून. तेव्हापासून तिनं पदर काढला नाही." तिचा आवाज शाळेतल्यासारखा सरळ निघत होता आणि तिला तो थांबवता येत नव्हता. "सांडू, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मला माहीत होतं. वास माहीत होता, रक्त मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याच रविवारी मी बांधावर बसून हे सगळं कागदावर लिहीत होते. तिला वाचूनही दाखवलं. तिनं मला विचारलं, बरं होतं का हे. अन् मी तिला म्हणाले, सरक, सावली पडतीय."

सांडू उंबऱ्यावर खाली बसला. दगडाबाईनं तोंडाला पदर लावला. साळूबाईनं काही म्हणायला तोंड उघडलं आणि तिचाही हात नकळत पदराकडं गेला. तिनं तो ओठांवर दाबून धरला. मग पदराआडूनच, अगदी बारीक आवाजात, इतक्या बायांत फक्त कौशल्याला ऐकू जाईल असं ती बोलली, "पोरी, मिसरी लावताना रगत येतंय. दोन सालं झाली. खालचा एक हलतोय बी."

कौशल्यानं तिच्याकडं पाहिलं. लहानपणी आपला दुधाचा दात हलायला लागला की आई काय करायची ते तिला आठवलं. हातातलं काम टाकायची. पोरीला दारात उन्हाकडं तोंड करून बसवायची. हनुवटी दोन बोटांत धरायची आणि इतकी जवळ यायची की तिच्या कपाळावरचा घामाचा थेंब आपल्या नाकावर पडायचा. आपण काय खाल्लंय, तोंड धुतलंय की नाही, हे तिनं कधी मनात आणलं नव्हतं.

चार दात पेळूत गुंडाळून तिनं ताहेराच्या हातात दिले. पुढं सरकली. साळूबाईच्या तोंडावरचा पदर हळूच बाजूला केला. वास आला. ती मागं झाली नाही. म्हातारीची हनुवटी दोन बोटांत धरून तिनं चेहरा उन्हाकडं वळवला, आणि तेव्हा कुठं तिचे डोळे भरून आले, कारण जे ती म्हणाली ते साळूबाईला म्हणत नव्हती.

"माय," ती म्हणाली, "आ कर. मला बघू दे."